कॅनडाची पीआर: स्कोअर नंतर मोजा, आधी कपाटातले कागद काढा

गेल्या महिन्यात मावसभावाचा मेसेज आला, "ताई, माझा स्कोअर ४६९ येतोय, बॅग भरायला घेऊ का?" मी म्हटलं बॅग राहू दे, आधी दहावीचं मार्कशीट आणि पासपोर्ट काढ, शेजारी शेजारी ठेव आणि दोन्हीवरचं नाव अक्षर न अक्षर वाच. दहा मिनिटांनी उत्तर, "अगं मार्कशीटवर आडनावात डबल ए आहे, पासपोर्टवर एकच, हे मला आजपर्यंत दिसलंच नव्हतं."

तर इथूनच सुरुवात करायची. आम्ही डोंबिवलीहून कॅनडातल्या मिसिसागाला येऊन आता दोनेक वर्षं झाली, तेव्हापासून नात्यातले, नवऱ्याच्या ऑफिसातले, आईच्या भजनी मंडळातल्या काकूंचे मुलगे, सगळे एकच प्रश्न विचारतात की पीआरला, म्हणजे कॅनडात कायमचं राहायच्या परवानगीला, स्कोअर किती लागतो. स्कोअर लागतोच, पण स्कोअर असूनही ज्यांची फाईल अडकलेली मी बघितली त्यांची कागदावर अडकली. कारण साधं आहे, तुमची फाईल उघडणारा ऑफिसर तुम्हाला ओळखत नाही, तुमचं आडनाव कसं उच्चारतात त्याला माहीत नाही, आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं आणि लग्नानंतर ते नवऱ्याचं होतं हे त्याने कुठून शिकावं? त्याला दोन वेगळी नावं दिसली की त्याच्या लेखी ती दोन माणसं.

खाली जे लिहितेय ते एक्स्प्रेस एंट्रीबद्दल आहे, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याची, आयआरसीसीची, जी ऑनलाइन पद्धत जानेवारी २०१५ पासून चालू आहे ती. यात तीन रस्ते आहेत. भारतात बसून अर्ज करणाऱ्यांसाठी मुख्य म्हणजे फेडरल स्किल्ड वर्कर, कॅनडात एक वर्ष कुशल काम केलेल्यांसाठी कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास, आणि वेल्डर, इलेक्ट्रिशियन वगैरे हातात कसब असलेल्यांसाठी स्किल्ड ट्रेड्स. फेडरल स्किल्डमध्ये आधी १०० पैकी ६७ गुण मिळवून पात्र व्हायचं, मग सीआरएस नावाच्या १२०० गुणांच्या दुसऱ्या मोजणीत रांगेत उभं राहायचं. लोक या दोन्हीची खिचडी करतात. ६७ आले म्हणजे फक्त दारातून आत आलात, नंबर लागायचा तो सीआरएसवर.

नावाचा घोळ

पासपोर्ट हा राजा. बाकी सगळं त्याच्याशी जुळलं पाहिजे, आणि जे जुळत नाही त्याचं कारण कागदावर दाखवता आलं पाहिजे.

आपल्या मराठी बायकांचं इथे काय होतं बघा. डिग्रीवर माहेरचं नाव, त्यात आधी आडनाव मग नाव मग वडिलांचं नाव. आधार कार्डावर सासरचं. पॅन नोकरी लागली तेव्हाचं म्हणून परत माहेरचं. माझ्या एका वहिनीचं तर लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहिलं, हौस म्हणून नाही, पुढे खरोखर तेच नाव लावलं, म्हणजे तिच्या डिग्रीवर नावही वेगळं आणि आडनावही वेगळं, फक्त जन्मतारीख तेवढी तीच! तिने अर्ज करताना लग्नाचं सर्टिफिकेट, राज्य सरकारच्या राजपत्रात छापलेली नावबदलाची नोंद आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी केलेलं ॲफिडेव्हिट, असे तीन कागद एकत्र लावले आणि काही प्रश्न आला नाही. पण राजपत्राचं काम तिने आधीच करून ठेवलं होतं, ऐनवेळी पळायला लागलं असतं तर वाट लागली असती.

फक्त स्पेलिंगचा फरक असेल तर बहुतेक वेळा ॲफिडेव्हिटवर भागतं. फॉर्ममध्ये "पूर्वी वापरलेली इतर नावं" असा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका, माहेरचं नाव, जुनं स्पेलिंग सगळं त्यात टाका. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असेल तर आत्ताच री-इश्यू करून घ्या, पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये त्याचा त्रास होतो. आणि नवीन पासपोर्ट काढायचाच असेल तर आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या आधी काढा, कारण परीक्षेच्या निकालावर पासपोर्टवरचंच नाव येतं.

गावाकडचा जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं, सोबत भाषांतरकाराचं ॲफिडेव्हिट. भाऊ इंग्रजीचा प्राध्यापक असला तरी त्याच्याकडून करून घेऊ नका, घरच्या माणसाने केलेलं भाषांतर चालत नाही.

डिग्रीचं मूल्यांकन

याला ईसीए म्हणतात. तुमची डिग्री कॅनडातल्या कुठल्या डिग्रीइतकी आहे हे सांगणारा रिपोर्ट. मान्यता असलेल्या चार-पाच संस्था आहेत, आपल्याकडचे बहुतेक लोक वेसकडून करून घेतात. डॉक्टर आणि फार्मासिस्ट असाल आणि तेच काम मुख्य अनुभव म्हणून दाखवणार असाल तर वेस नाही, डॉक्टरांसाठी मेडिकल कौन्सिल ऑफ कॅनडा आणि फार्मासिस्टसाठी त्यांचं वेगळं परीक्षा मंडळ आहे, तिकडे जायचं.

वेसवर अकाउंट उघडताना "आयआरसीसीसाठी ईसीए" हाच पर्याय निवडा. एका ओळखीच्यांनी साधं मूल्यांकन निवडलं, पैसे भरले, रिपोर्ट आला, आणि मग कळलं की हा इमिग्रेशनला चालतच नाही. अकाउंट उघडलं की रेफरन्स नंबर मिळतो, तो आणि त्यांचा फॉर्म घेऊन युनिव्हर्सिटीत जायचं, सोबत सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीटच्या प्रती, तिथून ते थेट वेसला पाठवतात. युनिव्हर्सिटीने बंद करून दिलेलं पाकीट तुम्ही स्वतः उघडून "बघू काय लिहिलंय" म्हणून बघितलं की तो कागद बाद. हल्ली बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन पाठवायची सोय झालीये, तुमच्या युनिव्हर्सिटीत आहे का ते आधी विचारा.

मी गेले तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं की एटीकेटीची मार्कशीट पण लागतील, सगळ्या अटेम्प्टची. माझी एक एटीकेटी होती, मॅथ्स थ्रीची, ती मार्कशीट आईने जुन्या साड्यांच्या गाठोड्यात ठेवली होती, का ते देवाला माहीत. तीन दिवस गेले शोधण्यात. रिपोर्ट पाच वर्षं चालतो म्हणून हे काम सगळ्यात आधी उरकून घ्या, पुढे परीक्षेसारखी घाई यात नसते.

अनुभवाचं पत्र, म्हणजे खरी कसोटी

इथे जरा थांबते कारण माझ्या मते अर्धे लोक इथेच मार खातात.

आपल्या कंपन्या नोकरी सोडताना जे पत्र देतात ते असं असतं, की अमुक तमुक आमच्याकडे या तारखेपासून या तारखेपर्यंत कामाला होते, त्यांची वागणूक चांगली होती, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा. शुभेच्छांचं काय लोणचं घालायचं? कॅनडाला हवंय ते वेगळंच. कंपनीच्या लेटरहेडवर, पद काय होतं, तारखा, आठवड्याला किती तास, वार्षिक पगार किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्ही रोज नेमकं काय काम करत होतात, मुद्देसूद. खाली सही, सही करणाऱ्याचं नाव, पद, कंपनीचा पत्ता, फोन, ईमेल. आठवड्याला ३० तास म्हणजे फुल टाइम धरतात, फेडरल स्किल्डसाठी गेल्या दहा वर्षांतलं किमान एक वर्ष सलग काम हवं.

काम लिहायचं ते एनओसी कोडशी जुळणारं. एनओसी म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र नाही हं, कॅनडाची व्यवसायांची यादी, प्रत्येक व्यवसायाला पाच आकडी कोड. सॉफ्टवेअर डेव्हलपर २१२३२, मेकॅनिकल इंजिनिअर २१३०१, अकाउंटंट १११००, नर्स ३१३०१. कोड तुमच्या पदाच्या नावावरून नाही तर कामावरून ठरतो. पद "मॅनेजर" असलं आणि काम टेस्टिंगचं असेल तर तुम्ही टेस्टर. त्या कोडखाली जी कामं लिहिलीत त्यातली बरीचशी तुम्ही खरोखर करत असाल तरच तो कोड घ्या. आणि कृपा करून ती यादी जशीच्या तशी पत्रात उतरवू नका. ऑफिसर रोज शेकडो पत्रं बघतात, कॉपी-पेस्ट त्यांना लगेच कळतं. तुमच्या शब्दांत लिहा, कुठल्या सिस्टीमवर, कुठल्या मशीनवर, किती माणसांच्या टीममध्ये.

माझ्या एका जुन्या कंपनीच्या एचआरने सरळ सांगितलं, आमच्या पॉलिसीत कामाचं वर्णन देत नाही. तीन मेल केले, दोनदा फोन, उत्तर तेच. मग मी काय केलं, तेव्हाचा माझा मॅनेजर आता दुसरीकडे होता, त्याला गाठलं, त्याने स्वतःच्या नावाने सही केलेलं पत्र दिलं की ही माझ्या हाताखाली हे हे काम करत होती, सोबत त्याचं त्या कंपनीतलं जुनं ओळखपत्र. त्याला जोडून कंपनीचं दोन ओळींचं पत्र, अपॉइंटमेंट लेटर, इन्क्रिमेंटची पत्रं, पहिली आणि शेवटची सॅलरी स्लिप, सगळ्या वर्षांचे फॉर्म १६, पीएफचं स्टेटमेंट. आणि वर एक छोटं पत्र माझ्याकडून, की कंपनी वर्णन देत नाही, हा तिचा नकाराचा मेल, म्हणून हे पुरावे. तो नकाराचा मेल जपून ठेवला म्हणून बरं. तोंडी "नाही" ऐकून परत येऊ नका, मेलवर नाही म्हणायला लावा.

ज्या कंपनीत सध्या आहात तिथे पत्र मागितलं की बॉसला कळतं तुम्ही निघताय, ही भीती सगळ्यांना असते. माझा सल्ला, होम लोनसाठी हवंय वगैरे थापा मारू नका, पत्रात कामाचं वर्णन मागताय म्हटल्यावर एचआरला बरोबर कळतं. विश्वासातल्या मॅनेजरशी बोला.

परीक्षा आणि ते अर्धं बँड

इंग्रजीसाठी आयेल्ट्स जनरल ट्रेनिंग, सेल्पिप जनरल किंवा पीटीई कोअर. अकॅडमिक आयेल्ट्स चालत नाही, दरवर्षी कोणीतरी तीच देऊन बसतं. निकाल दोन वर्षं चालतो.

कॅनडा बँड मोजत नाही, त्याचं सीएलबी, म्हणजे कॅनडाची स्वतःची भाषेची पातळी, करतं. सीएलबी ९ म्हणजे आयेल्ट्समध्ये लिसनिंग ८, रीडिंग ७, रायटिंग ७, स्पीकिंग ७. हा ९ का महत्त्वाचा ते मावसभावाच्याच आकड्यात सांगते. वय २९, एकटा, एम.ई., तीन वर्षांच्या वर अनुभव, सगळा भारतातला. चारही विषयात सीएलबी ९ आले तर वयाचे ११०, शिक्षणाचे १३५, भाषेचे १२४, आणि शिक्षण व अनुभव भाषेसोबत जोडून मिळणारे ५० अधिक ५०, एकूण ४६९. आता फक्त रायटिंगमध्ये ७ ऐवजी साडेसहा आले असं धरा. भाषेचे आठ जातात, ते ठीक, पण जोडून मिळणारे पन्नास-पन्नास पण निम्मे होतात, कारण चारही ९ हवेत. ४६९ चे ४११. अर्ध्या बँडने ५८ गुण गेले! चारही विषयात सीएलबी ८ आले तर ३८७. म्हणून म्हणते, दुसऱ्या कुठल्याही गोष्टीपेक्षा त्या रायटिंगवर दोन महिने जास्त घालवा.

आपल्या लोकांचं रायटिंगमध्ये का जातं, तर आपण शाळेतल्या निबंधासारखं लिहितो, मोठे मोठे शब्द, सुविचार, शेवटी राष्ट्रहित. तिथे जनरलमध्ये पहिला प्रश्न पत्राचा असतो, तीन मुद्दे दिलेले असतात, तिन्हीला सरळ उत्तर द्यायचं. मी पहिल्या वेळी एक मुद्दा विसरले आणि साडेसहावर आले, दुसऱ्या वेळी साडेसात.

आता स्कोअर, आणि एक कडू गोष्ट

४६९ चांगला आहे का? काही वर्षांपूर्वी हा स्कोअर घेऊन लोक आरामात गेलेत. आता नाही. पूर्वी जनरल ड्रॉ व्हायचे, म्हणजे सगळ्यांमधून ज्याचा स्कोअर जास्त त्याला अर्ज करायचं बोलावणं. २०२३ पासून कॅटेगरीचे ड्रॉ सुरू झाले, म्हणजे फ्रेंच येणारे, आरोग्य क्षेत्रातले, ट्रेड्सवाले असे वेगवेगळे, आणि २०२५ मध्ये तर अख्खं वर्ष एकही जनरल ड्रॉ झाला नाही. कॅनडात काम केलेल्यांच्या ड्रॉचा कटऑफ त्या वर्षी पाचशेच्या वरच राहिला. वर सरकारने माणसं घ्यायचा आकडाच खाली आणलाय, २०२५ साठी ३,९५,००० आणि २०२६ साठी ३,८०,०००. त्यामुळे पुण्यात किंवा नागपुरात बसून, कॅनडाचा अनुभव नाही, कॅटेगरीत बसत नाही, तर नुसत्या ४६९ वर बोलावण्याची वाट बघत बसणं म्हणजे वळवाच्या पावसावर भाताची लावणी करणं.

मग करायचं काय? एक, तुमचा कोड कुठल्या कॅटेगरीत येतो का बघा, ही यादी बदलत असते, २०२५ मध्ये शिक्षण क्षेत्र आत आलं आणि वाहतूक बाहेर गेली. दोन, प्रांतांचे कार्यक्रम, पीएनपी म्हणतात त्याला, एखाद्या प्रांताने नॉमिनेट केलं तर थेट ६०० गुण, म्हणजे काम झालंच. प्रत्येक प्रांताचे नियम निराळे, त्यासाठी त्या त्या प्रांताच्या सरकारी साइटवर बसून वाचण्याला पर्याय नाही. सख्खा भाऊ किंवा बहीण तिथे पीआर किंवा सिटिझन असेल तर १५ गुण, मावसबहिणीचे शून्य, सॉरी रे.

तीन, फ्रेंच. हसू नका. चारही विषयात फ्रेंचचं ७ चं लेव्हल आणि सोबत बरं इंग्रजी असेल तर ५० जास्तीचे, अधिक दुसऱ्या भाषेचे १२, म्हणजे मावसभावाचे ४६९ चे ५३१. शिवाय फ्रेंचचे ड्रॉ वेगळे होतात आणि त्यांचा कटऑफ खूप खाली असतो, मार्च २०२५ मध्ये एकदा ३७९ वर गेला होता. अलियाँस फ्रान्सेझचे वर्ग मुंबईत आहेत, पुण्यात आहेत. शून्यापासून त्या लेव्हलला यायला रोज अभ्यास करून वर्ष-दीड वर्ष धरा, तीन महिन्यांत करून देतो म्हणणाऱ्या क्लासवाल्याला लांबूनच नमस्कार. परीक्षा टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा, नावात कॅनडा हवं. मात्र वय विसरू नका, तिशी गाठली की दर वाढदिवसाला पाच-सहा गुण गळतात आणि चाळिशीनंतर गळती अजून वाढते, ४५ ला वयाचे शून्य.

आणि कोणी तुम्हाला म्हणालं की एवढे लाख द्या, कॅनडातल्या कंपनीचं जॉब लेटर आणतो, त्याचे गुण मिळतील, तर त्याला सांगा की नोकरीच्या ऑफरचे सीआरएस गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झालेत. असल्या विकत घेतलेल्या पत्रांमुळेच बंद केले.

प्रोफाइल, आणि मग साठ दिवस

ईसीए आणि परीक्षेचा निकाल हातात आला की प्रोफाइल टाका. फुकट असतं, वर्षभर राहतं, मग नवीन करायचं. अकाउंट स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या पासवर्डने. आम्ही सुरुवातीला एका एजंटकडे गेलो होतो, त्याने प्रोफाइल त्याच्या ईमेलवर केलं आणि आम्हाला बघूच देईना, "मॅडम तुम्ही टेन्शन घेऊ नका" एवढंच. शेवटी भांडून लॉगिन मिळवलं तर माझा एनओसी कोड चुकीचा आणि नवऱ्याच्या नोकरीतला चार महिन्यांचा गॅप दुसऱ्या नोकरीत ढकलून बुजवलेला. पैसे गेले, पण फाईल आधी बघितली म्हणून वाचलो. सल्लागार घ्यायचाच असेल तर तो इमिग्रेशन कन्सल्टंटच्या कॉलेजचा (शिकायचं कॉलेज नाही, सल्लागारांना परवाना देणारी कॅनडातली संस्था) परवानाधारक आहे का हे त्यांच्या साइटवरच्या यादीत नाव टाकून तपासा, किंवा कॅनडातला वकील घ्या. गॅरंटी देतो म्हणाला की उठून या.

बोलावणं आलं, म्हणजे आयटीए आलं, की त्या दिवसापासून ६० दिवसांत पूर्ण अर्ज कागदांसकट जायला हवा. साठ दिवस ऐकायला पुष्कळ वाटतात. आमचे बत्तीस दिवस बँकेत आणि पोलीस स्टेशनात गेले. म्हणून खालचं सगळं बोलावण्याच्या आधीच अर्धंमुर्धं तयार ठेवा.

पैशाचा पुरावा. कॅनडात आधीच कायदेशीर काम करून एक्स्पीरियन्स क्लासमधून जाणाऱ्यांना लागत नाही, तुम्हाआम्हाला लागतो. आकडा दरवर्षी बदलतो, जुलै २०२५ मध्ये एकट्याला १५,२६३ कॅनेडियन डॉलर, चौघांच्या कुटुंबाला २८,३६२. बायको-मुलं मागे राहणार असली तरी डोकी मोजताना ती धरायची. पैसे तुमच्या किंवा सोबत येणाऱ्या नवरा-बायकोच्या नावावर हवेत आणि काढता येण्यासारखे हवेत. सेव्हिंग चालतं, मोडता येणारी एफडी चालते. डोंबिवलीचा फ्लॅट चालत नाही, लॉकरमधलं सोनं चालत नाही, वडिलांच्या नावची एफडी तर नाहीच. वडील देणार असतील तर तुमच्या खात्यात टाकायचे आणि गिफ्ट डीड करायचं, त्यात हे परत द्यायचे नाहीत असं स्पष्ट. उसने घेतलेले पैसे दाखवू नका, आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक आलेली मोठी रक्कम म्हणजे प्रश्नाला आमंत्रण, ती कुठून आली याचा कागद जोडा.

बँकेचं पत्र लेटरहेडवर लागतं, त्यात प्रत्येक खात्याचा नंबर, कधी उघडलं, आजची शिल्लक, गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक, आणि कर्ज असेल तर बाकी किती. आमच्या बँकेतल्या साहेबांकडे याचा फॉर्मॅटच नव्हता, ते साधं बॅलन्स सर्टिफिकेट पुढे सरकवत होते. मी मजकूर टाइप करून पेन ड्राइव्हमध्ये नेला, तेव्हा कुठे तिसऱ्या खेपेला झालं. तुम्ही पण न्या, लाजू नका.

पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. गेल्या दहा वर्षांत, अठरा वर्षांनंतर, ज्या ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात त्या सगळ्यांचं. भारताचं पासपोर्ट सेवा केंद्रातून, फी ५०० रुपये, पत्ता बदललेला असेल तर पोलीस व्हेरिफिकेशन आलंच. नुसतं पोलीस स्टेशनातून आणलेलं कॅरेक्टर सर्टिफिकेट वेगळं, ते नको. आयटीवाल्यांनो, ऑनसाइट आठवतंय ना? अमेरिकेत आठ महिने काढले असतील तर एफबीआयचा दाखला, बोटांचे ठसे वगैरे, त्याला वेळ लागतो, बोलावण्याची वाट न बघता सुरू करा.

मेडिकल. कुठलाही एमबीबीएस, एमडी चालत नाही, आयआरसीसीच्या यादीतलाच पॅनेल डॉक्टर. मध्यंतरी अर्ज केल्यावर ते सांगतील तेव्हा करायची पद्धत होती, २१ ऑगस्ट २०२५ पासून मात्र अर्जाच्या आधीच करून त्याचा कागद जोडावा लागतो. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, बीपी. अपॉइंटमेंट पटकन मिळत नाही, आयटीए आल्या दिवशीच फोन लावा. जुना टीबी झाला असेल तर लपवू नका, एक्स-रेत दिसतोच, उपचाराचे जुने कागद घेऊन जा.

फॉर्म. दहा वर्षांचा इतिहास महिन्यामहिन्याने, मध्ये एक महिनाही मोकळा नको. घरी बसला होतात तर "बेरोजगार" लिहा, त्यात काही कमीपणा नाही. कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला असेल, अगदी दहा वर्षांपूर्वी अमेरिकेने का असेना, तो सांगायचाच. लपवलं आणि सापडलं तर चुकीची माहिती दिली म्हणून पाच वर्षं दार बंद. मुलं, नवरा-बायको सोबत येणार नसली तरी फॉर्ममध्ये दाखवा आणि त्यांची मेडिकलही करा, आज नाव गाळलं तर उद्या त्यांना स्पॉन्सर करता येत नाही. अर्ज चालू असताना लग्न झालं, बाळ झालं तर लगेच कळवा.

फी एप्रिल २०२४ च्या दराने मोठ्या माणसाला १,५२५ डॉलर, त्यात ५७५ पीआर हक्काचे, मुलाला २६०, बायोमेट्रिक एकट्याला ८५ आणि कुटुंबाला १७०. म्हणजे नवरा-बायको आणि दोन मुलं ३,७४०. दर दोन वर्षांनी एप्रिल अखेरीस वाढते म्हणून भरायच्या दिवशी साइटवर बघा. आणि कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या, लिमिट वाढवून घ्या, आमचं पेमेंट रात्री साडेअकराला तीनदा फेल झालं होतं.

वाट बघणं आणि उतरणं

आयआरसीसीचं लक्ष्य सहा महिन्यांचं असतं. रोज स्टेटस उघडून बघायची सवय लागते, ती लागू देऊ नका असं सांगणार होते पण मीच दिवसातून सहा वेळा बघायचे. सगळं मंजूर झालं की पासपोर्ट मागवतात आणि सीओपीआर, म्हणजे पीआर मंजूर झाल्याचा कागद, येतं. त्यावर शेवटची तारीख असते, त्याच्या आत कॅनडात पाय ठेवायचा, ती वाढवून मिळेल या भरवशावर राहू नका.

निघताना सोबत नेणाऱ्या आणि मागाहून येणाऱ्या सामानाच्या दोन याद्या करा, किमतीसकट. मंगळसूत्र, पाटल्या, आजीची नथ, सगळ्यांचे फोटो आणि सोनाराकडून लिहून घेतलेलं वजन-किंमत. आत्ता लॉकरमध्ये ठेवून पुढच्या दिवाळीत आणणार असाल तरी पहिल्याच दिवशी मागाहूनच्या यादीत नोंद करून उतरताना कस्टम्सचा शिक्का घ्या. दहा हजार डॉलरच्या वर रोख किंवा ड्राफ्ट असेल तर तेही तिथेच सांगायचं, सांगितलं की काही होत नाही, न सांगितलं तर होतं.

उतरल्यावर सिन नंबर (नोकरी आणि करासाठी लागणारा सरकारी नंबर), बँक खातं आणि प्रांताचं आरोग्य कार्ड या क्रमाने. ऑन्टारियोत पूर्वी आरोग्य विम्याला तीन महिने थांबावं लागायचं, २०२० पासून ते नाही, ब्रिटिश कोलंबियात अजून थांबावं लागतं, तिकडे जाणार असाल तर मधल्या काळाचा इन्शुरन्स घ्या. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात काढावे लागतात, आई-बाबांकडे लांब राहायला जाणाऱ्यांनी तारखा लिहून ठेवा.

पीआर कार्ड पोस्टाने येतं, आणि १८० दिवसांच्या आत कॅनडातला पत्ता द्यायचा असतो. कार्ड नसताना भारतात गेलात तर परतीच्या विमानात बसायला वेगळा ट्रॅव्हल डॉक्युमेंट काढावा लागतो, म्हणून पहिली भारतवारी कार्ड हातात आल्यावरच. आमचं कार्ड आलं तेव्हा आठ दिवस आम्हाला पत्ताच नव्हता, कारण इथे पोस्टमन दारात येत नाही, गल्लीच्या कोपऱ्यावर सगळ्या घरांच्या पेट्यांचं एक कपाट असतं आणि आमच्या पेटीची चावी घरमालकाच्या ड्रॉवरमध्ये होती. ती चावी पहिल्याच दिवशी मागून घ्या.